राहू द्या

आमची लाँड्री आहे. लाँड्रीला सुट्टी नसते, कारण लोकांना सुट्टी लागली की त्यांचे कपडे आमच्याकडे येतात. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही नवराबायको हवापालटाला म्हणून कुठे गेलो नव्हतो. या वर्षी ह्यांच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, डोंगरावरच्या एका गावात लॉजची खोली ठरवली, बसची तिकिटं काढली आणि मला म्हणाले, "जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्या. एकदा लोकांनी धुतलेल्या चादरीवर झोपून बघू. कशी धुतात ते तरी कळेल."

निघायच्या आधीच हे गेले. दुकानातच गेले. छातीत कळ आली तेव्हा हातात इस्त्री होती. ती उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि मग स्टुलावर टेकले. टेबलावर गिऱ्हाइकाची पॅन्ट होती, तिला साधा पिवळा डागसुद्धा पडला नाही.

त्यानंतर माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं. उठत होते, जेवत होते, दुकानात बसून घड्या घालत होते. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात, मग गाल आपला असतो आणि नसतोही, तसं झालं होतं. चिमटा काढला तर कळायचा, पण दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा.

मुलगा म्हणाला, "आई, बाबांनी काढलेली तिकिटं आहेत. जाऊन ये. आत्याला घेऊन जा." मी बरं म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

आत्या म्हणजे माझी नणंद, ह्यांच्या पाठची बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण नात्याचा मान म्हणून मी वन्सं म्हणते. हे तिला 'सार्वजनिक नळ' म्हणायचे. कुणीही यावं, चावी फिरवावी आणि भरून घ्यावं. रस्त्यात कुणाची पिशवी फाटली की वन्संच्या पर्समधून पिशवी निघायची. दवाखान्यात स्वतःचा नंबर दुसऱ्याला देऊन त्या संध्याकाळपर्यंत खोकत बसायच्या. हे चिडवायचे, "अगं, कधीतरी घरात पण पाणी येऊ दे."

सहलीच्या बॅगेत मी ह्यांचा एक शर्ट घेतला होता. हे गेले त्याच्या आदल्या दिवशी अंगातून काढलेला, निळ्या रेघांचा. तो दारामागच्या खुंटीवर राहिला होता. बाकीचे कपडे सुनेने धुऊन कपाटात लावले, हा मी बाजूला काढला आणि एका पिशवीत बांधून ठेवला. त्याला ह्यांचा वास होता. खळीचा, वाफेचा, केसांच्या तेलाचा आणि घामाचा. लोकांच्या कपड्यांचे वास घालवण्यात माझं आयुष्य गेलं, हा एक मी ठेवून घेतला. रोज पिशवीचं तोंड जरासं उघडायचे आणि परत बांधायचे. तेवढ्यापुरतं काहीतरी कळायचं. बाकी दिवसभर काही नाही.

घरी ठेवून जायची सोय नव्हती. सून गुणाची आहे, हातावर हात ठेवून बसवत नाही तिला. मी परत येईपर्यंत तिने तो धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात दिला असता. म्हणून बरोबर घेतला. आणि तिथे सवय आडवी आली. बॅगेत पिशवी बसेना, म्हणून शर्ट बाहेर काढला आणि हातांनी आपणहून त्याची दुकानातली घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, आणि तो परत पिशवीत सारला. आमच्या घरात घडी घातलेला कपडा म्हणजे धुतलेला कपडा. हे आमचं शेंबडं पोरही सांगेल.

वळणांचा रस्ता लागला तशी बस गप्प झाली. आमच्या पुढच्या बाकावर एक चष्मेवाला माणूस आणि त्याचे म्हातारे वडील होते. चष्मेवाला पन्नाशीचा असेल. आजोबा मधूनमधून त्याला विचारत होते, "गाडी आली का?" आणि तो प्रत्येक वेळी सांगत होता, "गाडीतच बसलोय, दादा."

एका वळणावर आजोबा मुलाच्या अंगावरच ओकले. शर्ट, बनियन, सगळं भरलं. लोकांनी नाकं धरली, खिडक्या उघडल्या. चष्मेवाला वडिलांचं तोंड पुसत राहिला, स्वतःकडे बघायचं त्याला सुचलंच नाही. त्यांच्या बॅगा टपावर होत्या.

वन्सं उठल्याच. पाण्याची बाटली दिली, रुमाल दिला, पुढे जाऊन ड्रायव्हरला बस बाजूला घ्यायला लावली. मग परत येऊन माझ्या पायाशी ठेवलेली बॅग उघडली आणि शर्ट काढला.

"हा घाला," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. "लाजू नका. स्वच्छ आहे, आमच्या लाँड्रीतला आहे."

मी खिडकीपाशी बसून बघत होते. काय चाललंय ते मला कळत होतं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. मूग गिळून बसले म्हणावं, तर मूग तरी तोंडात असावे लागतात.

चष्मेवाला खाली उतरून शर्ट बदलून आला. ह्यांना तो खांद्यात सैल व्हायचा. त्याला नेमका बसला. उरलेला रस्ता मी ती पाठ बघत बसले.

बस थांबली तेव्हा तो आमच्यासाठी खोळंबला. "मावशी, कुठे उतरताय? उद्या धुऊन आणून देतो."

वन्संनी लॉजचं नाव सांगितलं. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"धुऊ नका," मी म्हणाले. "राहू द्या."

"छे छे, मावशी. असं कसं?"

"खरंच राहू द्या. तसाच द्या."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

वन्सं हसल्या. "आमच्या वहिनीचं हे असंच. कुणाला तोशीस म्हणून पडू द्यायची नाही."

राहू द्या म्हणजे काय, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. जेवणारा पाहुणा राहू द्या म्हणतो, तेव्हा वाढणारा आणखी वाढतो. पहिलं राहू द्या रीतीचं, दुसरं भिडेचं. तिसऱ्यांदा म्हटलं की मग लोक हात आवरतात. मी दोनदा म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तो वडिलांना गाडीत बसवून निघून गेला.

खोलीत शिरल्याबरोबर वन्संनी पलंगावरची चादर नाकाला लावली. "साबण नीट निघालेला नाही," त्या म्हणाल्या. "दादाने परत पाठवली असती." मग खुर्चीवर बसून त्यांनी पाय पुढे सोडले. "पण वहिनी, शर्ट आणलास ते बरं केलंस हं. मी बॅगेत बघितला तेव्हाच ओळखलं, कुणाला तरी द्यायला आणलाय. दादाचे कपडे असे अडल्यानडल्याच्या अंगावर गेलेले चांगले."

"हं," मी म्हणाले.

"तुझा चेहरा का असा झालाय?"

"कसा?"

"इस्त्री केल्यासारखा. एक सुरकुती हलत नाही."

मी बॅगेतली पिशवी काढून पाहिली. रिकामी होती. तिला पिशवीचाच वास होता.

"त्याला कायमचा ठेवून घे म्हणायचं होतं ना तुला?" वन्सं म्हणाल्या. "म्हणून राहू द्या, राहू द्या करत होतीस. पण तो नाही ठेवायचा. चांगल्या घरचा दिसतो. बघ तू, धुतल्याशिवाय आणून द्यायचा नाही."

"कुठे उतरलेत ते?"

"तळ्याच्या पलीकडे, पिवळी इमारत म्हणाला. का गं?"

"असंच."

तेव्हा अंधार पडायला आला होता आणि वाट माहीत नव्हती. तरी निघाले असते तर पोचले असते. नाही निघाले. पलंगावर बसले आणि बसूनच राहिले.

सकाळी वन्सं खाली चहाच्या खोलीत एका अनोळखी बाईचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या बाईला दोन घास सुखाने खाता यावेत म्हणून. स्वतःचा चहा गार झाला होता. मी म्हणाले, "जरा चालून येते."

"स्वेटर घाल," त्या म्हणाल्या. मी घातला.

तळ्याच्या काठाने गेले. माणसं होड्यांत बसत होती, फोटो काढत होती. एका पोराची टोपी वाऱ्याने माझ्या पायाशी आली. मी ती उचलून दिली आणि पुढे गेले. पलीकडे पिवळ्या इमारती दोन-तीन होत्या. पाट्या मी सावकाश वाचते, वाचायला उशिरा शिकले. पहिल्या इमारतीत कपड्यांचं दुकान निघालं. दुसरीच्या मागच्या अंगणात दोरी दिसली, म्हणून पाटी वाचायचं सोडून सरळ आत गेले.

दोरीवर शर्ट होता. खालून पाणी ठिबकत होतं.

कुणी नवख्याने धुतलाय ते लांबूनच कळत होतं. खांद्यांना चिमटे लावून टांगला होता. तसं टांगलं की वाळल्यावर खांद्यांना शिंगं येतात. पिळताना पीळ इतका दिला होता की बाह्या सुंभासारख्या झाल्या होत्या. मी तिथे उभी राहिले. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. बसायला जागा शोधावी लागेल. काही झालं नाही. पाणी ठिबकत होतं आणि मी ते बघत होते.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?" चष्मेवाला बादल्यांच्या मधून उठला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातांना फेस. आजोबा उन्हात स्टुलावर चादर गुंडाळून बसले होते. "मीच येणार होतो. काल रात्री दादांचं पोट बिघडलं. सगळं अंथरूण गेलं. लॉजवाल्यांना कसं दाखवायचं, म्हणून मीच धुवायला घेतलं. पण तुमचा शर्ट आधी धुतला बरं का, मग आमचं."

"आधी धुतला?"

"मग. लोकाचा कपडा अंगाला लागला तर आपल्या कपड्यांत मिसळू नये, आई सांगायची. आणि कपड्यांच्या साबणाने नाही, अंगाच्या साबणाने धुतला. वासाचा आहे." त्याने चष्मा मनगटाने वर केला. "मी कधी धुणं केलं नाही हो. आधी आई होती, मग मशीन आलं. बरा निघालाय ना? तुम्ही लाँड्रीवाले, तुम्हाला कळणार."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. रात्रभर झोपला नव्हता, डोळे लाल होते.

"छान धुतलाय," मी म्हणाले.

"खरं?"

"आमच्याकडे कामाला घेतलं असतं."

तो हसला. बादलीत अंथरुणाच्या चादरी तशाच पडल्या होत्या. वर वर साबण चोपडलेला, खाली घाण तशीच. मी स्वेटर काढून दोरीवर टाकला आणि बादलीपाशी बसले.

"अहो मावशी, राहू द्या. राहू द्या हो."

मी ऐकलं नाही. गार पाण्याने आधी घाण काढली, मग साबण लावला. हातांना विचारावं लागत नाही. तो शेजारी उभा राहून पाणी आणून देत होता.

आजोबा म्हणाले, "ही कोण?"

"मावशी आहेत, दादा."

"कुणाची मावशी?"

"कुणाची तरी."

आजोबांना ते पटलं. "गाडी आली का?" त्यांनी मला विचारलं.

"आली की सांगते," मी म्हणाले.

मोठी चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. त्या टोकाला हे असायचे. आम्ही समोरासमोर उभे राहून पीळ घालायला लागलो, पण चादर नुसती फिरत होती, पाणी पडेना. मी फिरवत होते त्याच अंगाला तोही फिरवत होता.

"उलटं," मी म्हणाले. "तुम्ही उलटं फिरवा."

"तुमच्या विरुद्ध?"

"विरुद्ध फिरवलं तरच पीळ बसतो."

"एवढं आमच्या लग्नात कुणी सांगितलं असतं तर," तो म्हणाला, आणि पाण्याची धार त्याच्या पायावर पडली. आजोबा हसले. कशाला ते त्यांनाही माहीत नसेल.

सगळं दोरीवर घातल्यावर मी शर्ट उतरवला. "अजून ओला आहे, मावशी. वाळवून, इस्त्री करून आणतो ना," तो म्हणायला लागला. मी शर्टाचे चिमटे त्याच्या हातावर ठेवले, शर्ट बरोबर आणलेल्या पिशवीत घातला आणि निघाले. फाटकापाशी त्याने मागून हाक मारली आणि स्वेटर आणून दिला.

वाटेत पिशवी उघडून पाहिली. गुलाबाच्या साबणाचा वास आला. गुलाब आणि ओल. मी पिशवी बांधली नाही. बांधून काय ठेवायचं होतं?

खोलीत आल्यावर तो खुर्चीच्या पाठीवर पसरला. वन्सं म्हणाल्या, "आणायला गेली होतीस होय? मला सांगायचंस, मी गेले असते." संध्याकाळी आम्ही तळ्यावर फिरलो. होडीतही बसलो. वन्संनी होडीवाल्याच्या सर्दीवर औषध सांगितलं. मी सगळं बघितलं. विचारलं तर तळं कसं होतं ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट वाळला होता. वन्संनी तो उचलला आणि आधी कॉलर उलटी केली. तेही सवयीचंच. हे म्हणायचे, शर्ट धुणं म्हणजे कॉलर धुणं. बाकीचा शर्ट पाण्याने धुतला जातो. कॉलरला माणूस लागलेला असतो, आणि तो काढायलाही माणूसच लागतो.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या. "याला धुणं म्हणतात? सगळा शर्ट भिजवला आणि कॉलरला हात नाही. मळाची रेघ जशीच्या तशी आहे. थांब, मी ब्रश मारून आणते." आणि त्या न्हाणीघरात गेल्यासुद्धा.

"वन्सं, राहू द्या."

"असू दे गं. मला दुसरं काय काम आहे इथे?"

नळ सुरू झाला. बादलीत पाणी पडायला लागलं.

"राहू द्या," मी म्हणाले.

"अगं, एक मिनिट लागत नाही. दादाचा शर्ट असा ठेवायचा का?"

मी उठले. न्हाणीघरात जाऊन नळ बंद केला आणि त्यांच्या हातातला ब्रश धरला.

"वन्सं, राहू द्या," मी म्हणाले. "तो मी धुतला नव्हता. ह्यांनी अंगातून काढला तसाच आणला होता."

नळ गळत होता. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग कॉलरकडे. "पण घडी होती," त्या म्हणाल्या.

"घडी माझ्या हातांनी घातली. चुकून."

"म्हणजे ही रेघ दादाची."

"हो."

"आणि मी तो उचलून..."

"हो."

वन्संनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. त्यांच्या पायाखालून पाणी मोरीकडे गेलं.  मग त्यांनी शर्ट माझ्यापुढे धरला. मी रेघेवरून बोट फिरवलं. जरा चिकट, जरा खरखरीत, टोकापासून टोकापर्यंत. नाकाशी नेली तर आधी गुलाब आला. तो संपेपर्यंत मी थांबले. मग खालून, अगदी थोडं, तेल आलं. हिरडीतल्या सुईची बधिरता उतरली नव्हती. पण रेघ बोटाला कळली, आणि माझ्याच बोटाला कळली.

"दादाने हे धुणं बघितलं असतं," वन्सं म्हणाल्या, "तर चष्मेवाल्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं."

"मी त्याला छान म्हणून आले."

"तू?" वन्संनी डोळे पुसले. "तू अशी कॉलर छान म्हणालीस?"

"तेव्हा कॉलर बघितली नव्हती."

"घडी घालू?" त्यांनी विचारलं.

"नको. घडी घातली की धुतलेला वाटतो."

दारामागे खुंटी होती. वन्संनी शर्ट तिच्यावर अडकवला, कॉलर आतल्या बाजूला करून. मग आम्ही चहाला निघालो. जिन्याच्या तोंडाशी खोल्या झाडणारी बाई भेटली. हातात केरसुणी, काखेत मळक्या चादरींचं गाठोडं.

वन्सं थांबल्या. "बाई, आमच्या खोलीत दारामागे एक शर्ट आहे. त्याला हात लावू नका."

"धुवायचाय का? द्या की, या चादरींबरोबर टाकते. पैसे नकोत."

"नाही. राहू द्या."

"अहो, त्यात काय? इतकं धुते, त्यात एक शर्ट." बाई हसून खोलीकडे वळली. चांगली बाई होती.

"राहू द्या," वन्सं म्हणाल्या, आणि परत मागे जाऊन दारापुढे उभ्या राहिल्या. सार्वजनिक नळ, पण त्या दिवशी पहिल्यांदा बंद बघितला मी. बाईने गाठोडं खाली ठेवलं आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई," वन्सं म्हणाल्या, "राहू द्या."

"बरं," बाई म्हणाली, "नाही लावत हात." तरी ती शेजारच्या खोलीत शिरेपर्यंत वन्सं दारातून हलल्या नाहीत. खाली चहा गार होत होता. मी जिन्यात उभी राहिले, त्या येईपर्यंत.